अठ्ठेचाळीस व्होल्टची हळद

प्रितेशने आमच्या घराची विजेची तार उतरवली तेव्हा कारण दिलं, कंटेनरच्या टपाला अडकते. प्रितेश माझा चुलत दीर. राहनाळला त्याच्या वाट्याच्या शेतात आता गोदामं उभी आहेत. आमच्या घराच्या तीन बाजूंना त्याच्याच पत्र्याच्या भिंती. विजेचा खांबही त्याच्या जागेत, म्हणजे नवी तार ओढायची तर त्याची सही हवी. मी आणि माझा नवरा पंढरी ती सही मागायला गेलो.

"कशाला त्रास घेता, वहिनी?" तो म्हणाला. "जागा मला द्या, काल्हेरला लिफ्टवाला फ्लॅट घ्या. अंधारात किती दिवस बसाल?"

"अंधारात कोण बसतंय?" मी म्हटलं आणि चहा न पिता उठले.

आता यातली गंमत सांगते. त्याच्या गोदामाकडे जाणारी वाट आमच्या जमिनीतून जाते. सासऱ्यांनी भावाच्या मुलाला तोंडी दिलेली, फुकट. त्या वाटेवरून त्याचे कंटेनर रोज आमच्या दारावरून धुरळा उडवत जातात. आम्ही कधी हूं की चूं केलं नाही. चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात ते हेच. मला तेव्हाच इतका संताप आला होता की घरी आल्यावर मी सगळ्यांना सांगून टाकलं, वीज आपली आपण करायची, उन्हावर. त्याच्या खांबाकडे मान वर करून बघायचंसुद्धा नाही.

मग सल्ले सुरू झाले. दुकानदार म्हणाला, बारा व्होल्टचा तयार सोलर संच न्या, सगळे तोच नेतात. पंढरीचा स्वतःचा ट्रक आहे, जन्म त्याच्यावर गेला. तो म्हणाला, "चोवीस घे. गाडीला चोवीस चालतंय ते घराला का न्हाय चालनार?"

मी काल्हेरच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. तिथले माल उचलणारे फोर्कलिफ्ट बॅटरीवर चालतात आणि चार्जिंगचा कोपरा माझ्याकडे आहे. मी हट्ट धरला, अठ्ठेचाळीसच. घरात नुसते दिवे-पंखे असते तर बारानेही भागलं असतं. पण फ्रिज आहे, विहिरीवर पंप आहे, आणि पंप सुरू होताना एकदम मोठा घोट घेतो. व्होल्ट कमी तर तेवढ्याच कामाला करंट जास्त, मग वायर मनगटाएवढी जाड घ्या, नाहीतर ती तापणार आणि निम्मी वीज वाटेतच जिरणार. बाराच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की अठ्ठेचाळीस होतात, करंट चौथाईवर येतो. एवढं साधं आहे.

पॅनेल छपरावर बसवायची सोय नव्हती, कारण दुपार टळली की प्रितेशच्या भिंतीची सावली छपरावर येते. मग विहिरीपाशी, जागेच्या पार टोकाला, लोखंडी घोडीवर चढवली. बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर भाताच्या खोलीत ठेवले, खिडकी उघडी ठेवून. गावातली माणसं येऊन बघून जायची आणि जाताना म्हणायची, पावसाळ्यात कळेल. पावसाळाही गेला. काटकसर करावी लागली, पंप फक्त उन्हात चालवला, पण घर एकदाही काळोखात बसलं नाही.

आणि आमच्या मुलीचं, उन्नतीचं, लग्न ठरलं.

प्रितेश पेढे घेऊन आला. म्हणाला, "हळद माझ्या नव्या गोदामात करा. जनरेटर आहे, कूलर आहे. तुमच्या त्या चार डब्यांवर हळदीचा मांडव चालतो का, वहिनी? पाहुण्यांसमोर शोभा होईल."

माझ्या सासूबाई, राहीबाई, ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना कानाने कमी ऐकू येतं, पण हे नेमकं आलं. त्या म्हणाल्या, "माजे नातीची हलद माजे दारान व्हनार. तुजे दारान न्हाय."

तो हसला. गावभर सांगत सुटला की हळदीच्या दिवशी काकी स्वतः निरोप धाडतील, जनरेटर पाठव म्हणून. त्या दिवशी दिवे गेले असते तर नुसती हळद अंधारात होऊन भागलं नसतं. दुसऱ्या दिवसापासून भावकीने आमच्या डोक्यावर बसून जागा विकायला लावली असती. हे मला पक्कं ठाऊक होतं.

हळदीच्या दिवशी दुपार कलली आणि खोलीतला इन्व्हर्टर किंचाळायला लागला. बटण बंद करून चालू केलं. पुन्हा किंचाळला आणि गप्प झाला. मांडवातले पंखे थांबले. ऊन तर चांगलं कडक होतं, पॅनेल मीच पुसली होती.

मीटर घेऊन एकेक बॅटरी तपासली. तीन साडेबारा दाखवत होत्या, चौथी दहाच्याही खाली. आणि मग दिसलं. त्याच चौथीच्या दोन टोकांना एक लाल आणि एक काळी वायर पिळून लावलेली, खिडकीतून बाहेर गेलेली. वायरीमागे चालत गेले तर मांडवात पोचले. तिथे पंढरीच्या ट्रकमधला अँप्लिफायर होता, माइक होता, आणि माइकसमोर काशी धवलारीण लग्नाचे धवले गात होती. चार दिवसांपासून सकाळ-संध्याकाळ गात होती.

"ही वायर कोणी लावली?"

"मीच," पंढरी म्हणाला. "गारीत आमी असाच करतो. गारी चोवीसची, टेप बाराचा. मग एकाच बॅटरीवरना घेवाचा. काय व्हत न्हाय."

"गाडीचं इंजिन धावतं म्हणून होत नाही. इथे चौघींची साखळी आहे. तुम्ही एकीचंच रक्त काढलंत चार दिवस. बाकीच्या तिघी भरलेल्या दिसल्या की चार्जरला वाटतं, सगळं भरलं. ही उपाशी राहिली आणि आता चौघींना घेऊन बसली."

मी आणखी पुष्कळ बोलणार होते. तेवढ्यात तो खाली बघून म्हणाला, "माजे आयला धवलं आयकाला येत नव्हतं ना."

मला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला.

पंढरी म्हणाला, प्रितेशला फोन करू का. मी पंढरीच्याच ट्रककडे बघितलं. मांडवाचं सामान आणि खुर्च्या उतरवून ट्रक वाटेवरच उभा होता, आमच्याच जमिनीत. त्यात बाराच्या दोन बॅटऱ्या होत्या.

"एक काढा," मी म्हटलं.

"गारी चालू व्हनार न्हाय मग. प्रितेशचे कंटेनर सुटाची येल झाली. सगले अडकतील."

"ठाऊक आहे मला. काढा."

उपाशी चौथीच्या जागी ट्रकची बॅटरी घरच्या साखळीत घालणं बरोबर नाही. ती इंजिनाला धक्का मारायला असते, रात्रभर गाडा ओढायला नाही. पण एका संध्याकाळपुरती चालेल, असा मी हिशोब बांधला. फ्रिज बंद, पंप बंद, फक्त दिवे आणि पंखे. पाणी बायकांनी विहिरीवरून शेंदून आणलं. काशीने माइक बाजूला ठेवला आणि सासूबाईंच्या कानाशी बसून गायला लागली. दिवेलागणीला मी बटण दाबलं. सगळा मांडव उजळला.

बाहेर हॉर्न आधीच सुरू झाले होते. एक कंटेनर, त्यामागे दुसरा. थोड्या वेळाने पांढऱ्या शर्टात प्रितेश आला.

"वहिनी, गाडी काढायला सांगा ना. माल अडकलाय."

"गाडीला बॅटरी नाही, भावोजी."

"कुठे गेली?"

मी वरच्या दिव्याकडे बोट दाखवलं. तो वर बघत राहिला. मांडवात हसू पिकलं.

"मी माझ्या गाडीची बॅटरी देतो. माणूस लगेच जोडेल."

"आमच्या गाडीला तुमचा माणूस हात लावणार नाही. आमची गाडी आहे, आमच्या जमिनीत उभी आहे. हळद उरकली की बॅटरी परत जाईल."

तो जवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "बरं, खांबाच्या कागदावर उद्याच सही करतो. झालं? आता तरी काढा."

जी सही मागायला आम्ही त्याच्या दारी गेलो होतो ती आता पायाशी येऊन पडली होती. घ्यावी असं क्षणभर वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मी म्हटलं, "सही राहू द्या तुमच्याकडे. आमच्याकडे ऊन आहे. आणि तुमचे कंटेनर उद्यापासून आमच्या वाटेने जायचे असतील तर तुम्ही या आमच्याकडे, सही मागायला."

तेवढ्यात सासूबाई उठल्या. मूठभर ओली हळद घेऊन त्याच्यापाशी गेल्या, त्याच्या दोन्ही गालांना फासली, उरलेली शर्टाला पुसली. हनुवटी धरून त्याचा चेहरा दिव्याकडे वळवला.

"तार उतरवलीस ना तू?" त्या म्हणाल्या. "पन बघ, तुजा तोंड मना चांगला दिसतंय. बस आता. जेवून जा."

त्याने वाटेकडे बघितलं, मग पंढरीने पुढे केलेल्या खुर्चीत बसला. काशीने पुढचा धवला धरला. बाहेर आता तिसरा कंटेनर येऊन उभा राहिला होता.