भुंग्यांची रांग

"पुन्हा म्हणा," वरून, ऑर्गनच्या सज्जातून वादक विन्थर म्हणाले. "सूर धरा आणि धरूनच ठेवा, पास्टरबाई. मध्येच सोडून देऊ नका."

मेरेते पास्टरबाईंनी वेदीपुढे उभं राहून श्वास घेतला. "प्रभू तुमच्याबरोबर असो..." पहिले दोन शब्द ठीक गेले. मग ओल्या पायरीवरून पाय सरकावा तसा सूर खाली आला. विन्थरांनी पट्टी दाबून खरा सूर वाजवला. दोहोंमधली फट रिकाम्या चॅपेलभर ऐकू आली.

"देवाला कळलं ना, मग झालं की!" मेणबत्त्यांची घरं पुसता पुसता शिपाई प्रेबेन म्हणाला.

"देवाचं सोड रे," पास्टरबाई हसल्या. "रविवारी डीनसाहेब येतायत. त्यांना कळेल त्याचं काय?"

राजवाड्याच्या या चॅपेलमध्ये तीनशे वर्षं पास्टर आशीर्वाद गाऊनच देत आले होते. पास्टरबाई ऑगस्टमध्ये आल्या आणि तो नुसता बोलू लागल्या. तेव्हा कुणीतरी पास्टरांचे वरिष्ठ असलेल्या डीनसाहेबांना पत्र लिहिलं, 'जिच्या गळ्यात सूर नाही तिला इथे जागा नसावी.' आता नाताळाआधीच्या पहिल्या रविवारी डीनसाहेब स्वतः ऐकणार आणि ठरवणार होते. पत्र कुणाचं, हे पास्टरबाईंना ठाऊक नव्हतं. विन्थरांना होतं, कारण ते त्यांनीच लिहिलं होतं, आणि अगदी स्वच्छ मनाने. एकतीस वर्षं त्यांनी इथला सूर जपला होता.

ते जिना उतरून खाली आले. गाणाऱ्याची चूक नेमकी कुठे होते ते जवळून ऐकायची त्यांची जुनी रीत होती. हातात सूर तपासायचा दोन पात्यांचा नादकाटा घेऊन ते पास्टरबाईंच्या खांद्याशी उभे राहिले आणि त्यांनी कान वाकवला.

"हं, म्हणा."

पास्टरबाईंचे ओठ हलले, पण आवाज आलाच नाही. ओठ मात्र नीट, एकेक अक्षर घेऊन हलत राहिले.

"अहो, आवाज कुठे गेला?"

त्या लाजल्या. "माफ करा हं. जुनी खोड आहे. शाळेत आमचे गाण्याचे मास्तर असेच कान लावत रांगेतून यायचे. खांद्यावर काट्याने टकटक केली की समजायचं, आपण फक्त ओठ हलवायचे. आम्हां सगळ्यांना मागे उभं करायचे. भुंग्यांची रांग म्हणायचे तिला."

"भुंग्यांची रांग!" प्रेबेन खो खो हसला. "झकास मास्तर होता की!"

"कुठली शाळा?" विन्थरांनी विचारलं.

"बेटावरची. फेरीबोटीच्या धक्क्याजवळची, लाल विटांची. सात वर्षांची होते मी. मग घरीसुद्धा गायचं सुटलं. माझ्या लेकीला मी अंगाईसुद्धा नुसती वाचून दाखवली, बघा."

"त्या मास्तराचं नाव काय हो?" प्रेबेनने विचारलं.

"आठवत नाही. काळी दाढी होती."

विन्थरांचा हात हनुवटीकडे गेला. तिथे आता गुळगुळीत, सुरकुतलेली कातडी होती. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण "उद्या बघू" एवढंच पुटपुटून ते निघाले.

घरी त्यांनी कपाटातून एक फोटो काढला. तो काढला त्या वर्षी बेटावरच्या शाळेने गाण्याचा चषक जिंकला होता. मधोमध चषक, शेजारी ते स्वतः, काळीभोर दाढी, छाती फुगलेली. मागच्या रांगेत सहा मुलं होती. कडेच्या मुलीची एक वेणी सुटली होती. सगळ्यांची तोंडं सारखीच उघडी होती. कोण गातंय आणि कोण नाही, ते फोटोत कळत नव्हतं. त्या शाळेतल्या तीन वर्षांत आपण किती खांद्यांवर टकटक केली, ते विन्थर आठवू लागले. चेहरे आठवेनात. आपल्याला आपल्या कानाचा केवढा अभिमान होता, तेवढं आठवलं आणि त्यांना बसवेना.

रविवारी डीनसाहेब पहिल्याच बाकावर बसले. विन्थरांनी सूर दिला. पास्टरबाईंनी आशीर्वाद सुरू केला, आणि व्हायचं तेच झालं. सूर घसरला आणि ऑर्गनच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी जाऊन थांबला. आता सज्जातल्या आठ जणांच्या गायकवृंदाने उत्तर द्यायचं होतं. आठही जण विन्थरांच्या हातांकडे बघत होते. एक पट्टी दाबली असती तर ती फट साऱ्यांनी ऐकली असती.

विन्थरांनी हात पट्ट्यांवरून उचलले आणि मांडीवर ठेवले. पास्टरबाईंचा सूर त्यांनी होता तसा, आपल्या म्हाताऱ्या गळ्यात उचलून गायकांना दिला. गायक क्षणभर चपापले. मग ऑर्गनशिवाय, बरोबर त्या सुरावर आठ आवाज उठले, "आणि तुझ्याही बरोबर असो."

त्या दिवशी पास्टरबाई चार वेळा घसरल्या. चारही वेळा गायकवृंद त्यांच्याबरोबर खाली उतरला.

"ऑर्गनशिवाय फार छान वाटलं," मागच्या खोलीत कॉफी घेताना डीनसाहेब म्हणाले. "यांना हलवायचा प्रश्नच येत नाही. पण विन्थर, तुमच्या पत्रात तर..."

कपबशा गोळा करणाऱ्या पास्टरबाईंचा हात थांबला.

"पत्र चुकीचं होतं," विन्थर म्हणाले. कानशिलं तापली होती, पण ते थांबले नाहीत. "चूक माझीच होती."

डीनसाहेब गेले. प्रेबेन त्यांना दारापर्यंत सोडायला गेला. विन्थर जमिनीकडे बघत म्हणाले, "पास्टरबाई, ती काळी दाढी..."

"ठाऊक आहे, मास्तर. पहिल्याच दिवशी ओळखलं मी. तुम्ही काटा टेबलावर आपटलात ना, तेव्हाच."

"मग परवा आठवत नाही म्हणालात ते?"

"प्रेबेन होता ना तिथे." त्यांनी तबक उचललं. "पत्राचं मात्र ठाऊक नव्हतं."

एवढं बोलून त्या आत गेल्या. नळ सुटला. कपबशा विसळता विसळता त्या काहीतरी गुणगुणू लागल्या, आधी दबकत, मग मोकळ्या गळ्याने. एकही सूर जागेवर नव्हता.

विन्थरांचा हात सवयीने खिशात गेला आणि नादकाटा घेऊन बाहेर आला. त्यांनी त्याची दोन्ही पाती मुठीत घट्ट धरली, चुकूनही वाजू नयेत म्हणून, आणि आतलं गाणं संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले.