अभिमन मुराळी

"बसा ना भाऊ, उभाच कसाले?" झुंबरबाई दुसऱ्यांदा म्हणाली.

आता माणूस पाहुणा म्हणून घरात आला तर बसतो की नाही? अभिमन बसला नाही. खुर्ची होती, तिच्यावर धुतलेला टॉवेल टाकलेला होता, पण ती पंख्याखाली होती आणि पंख्याची बेरिंग गेलेली होती. दर फेऱ्याला टिक. झुंबरबाईचं बोलणं त्याला तुकड्या-तुकड्यानं ऐकू येत होतं आणि टिक मात्र अख्खं.

"पंख्याची बेरिंग गेली," तो म्हणाला.

"हो भाऊ, जुना शे तो. वच्छलाबाई कशा शेतस?"

"काढून देऊ का? स्टूल शे का घरात?"

झुंबरबाईनं पोराकडं, म्हणजे अभिमनच्या बहिणीच्या नवऱ्याकडं पाहिलं. पितांबरनं आपल्या चपलांकडं पाहिलं. त्याचं घरात तेवढंच काम होतं, आईनं बघितलं की चपलांकडं बघायचं.

अभिमन पंखा दुरुस्त करायला जळगावहून धुळ्याला आलेला नव्हता. तो मुराळी होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी आणायची तर भावानं जाऊन तिला मागून आणावं लागतं, त्याला मुराळी म्हणतात. आजवर धाकट्या प्रमिलाला आणायचं काम दोघांचा बापच, निंबा, करायचा. अभिमनचं वय तिशीपार गेलं तरी त्याला कुणी मुराळी पाठवलं नव्हतं, आणि का ते जळगावच्या मेहरूणमध्ये, त्यांच्या वस्तीत, शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दूध आणायला पाठवावं तर तो तलावाकाठी मोटरपंपाचा आवाज ऐकत उभा सापडायचा, किटली भलतीकडंच. कापसाच्या जिनिंगमध्ये लावला, तिथून काढला. केळीच्या गाड्या भरायला लावला, तिथनंही काढला. मुकादमाला सगळ्यांसमोर म्हणाला होता, "तुमच्या तोंडाला वास येतो." येत होताच. पण बोलतं का कुणी? शेवटी मगनच्या मोटर वायंडिंगच्या दुकानात टिकला. तांब्याची तार गुंडाळायला बसला की जेवण, पाणी, लघवी, सगळं विसरायचा. आणि तारेवरनं उठला की तीच मोटर अर्धी टाकून दुसरी उघडायचा. मगन शिव्या द्यायचा आणि ठेवून घ्यायचा.

लोक येडा म्हणायचे. डॉक्टरनं तपासलं, नसा कमजोर आहेत म्हणाला आणि लाल टॉनिक दिलं. अभिमनला ते आवडायचं, गोड होतं. बाकी काही बदललं नाही.

बाप होता तोवर एक सोय होती. बाप लोकांचं बोलणं त्याला फोडून सांगायचा. "तो म्हणाला ना, ये कधी घरी, ते जायचं नसतं बरं." "ती हसली ना, ती रागावलीय." अभिमनला वाटायचं, मग लोक सरळ का नाही बोलत? बाप म्हणायचा, "माले काय माहीत बाबा, मीबी असाच शिकलो." दिवाळीनंतर बाप गेला. आखाजीला त्याच्या नावाची पहिली घागर भरायची होती, आंबे-सांजोऱ्या ठेवून, आणि मायचा, वच्छलाबाईचा, एकच धोशा होता. बापाच्या पहिल्या घागरीला पोरगी पाहिजे. ती नसली तर घागर काय कामाची?

म्हणून अभिमन चाळीसगावला गाडी बदलून, तिथं इंजिन काढून पुन्हा जोडताना बघत धुळ्याची एक गाडी सोडून, दुसरीनं धुळ्यातल्या देवपूरला आला होता.

त्यानं पाणी घेतलं, दिलं म्हणून. जेवला, वाढलं म्हणून. मग बोलला, "प्रमिलाला न्यायला आलो."

झुंबरबाईनं पदर सावरला. ती आता जे बोलणार होती ते तिच्या सासूनं तिच्या भावाला ऐकवलेलं होतं, सासूच्या सासूनं सासूच्या भावाला.

"औंदा नही धाडतस भाऊ. पापड, कुरडया, बठ्ठं, सगळं बाकी शे. मी एकली काय काय करू?"

स्वयंपाकघराच्या दाराआड प्रमिला उभी होती. नवं लुगडं नेसलेली, पायाशी पिशवी. फटीतनं तिच्या बांगड्या दिसत होत्या. ती वाट बघत होती दादाच्या बोलण्याची. असं कसं म्हणता मामी, माय वाट बघते, एवढ्या वेळी धाडा. मग सासू पुन्हा नाही म्हणणार, दादा पुन्हा विनवणार, तिसऱ्यांदा सासू म्हणणार, बरं न्या बापा, पण चार दिवसांत परत. घरोघर असंच चालतं.

"बरं," अभिमन म्हणाला. "येतो मग."

आणि चपला घालून निघाला. आत काहीतरी खणकन पडलं. पांझरेचा पूल ओलांडेपर्यंत त्याच्या डोक्यात ती बेरिंगच होती. एक मात्र त्याला बरं वाटत होतं. दिलेलं काम केलं, कुठं काही विसरलं नाही, छत्रीसुद्धा आठवणीनं उचलली.

* * *

"प्रमिला कोठे शे?" वच्छलाबाईनं त्याच्या मागं रस्त्यावर बघितलं.

"नाही पाठवत. पापड बाकी शेत."

"आन् तू काय म्हणाला?"

"बरं म्हणालो."

वच्छलाबाई उंबऱ्यातच बसली. कपाळावर हात मारून घेतला. शेजारची बेबाबाई भिंतीवरनं डोकावली, तिला काय, खेळच पाहिजे होता.

"अरे नाही म्हणायचंच असतं तिनं," वच्छलाबाई म्हणाली. "लगेच हो म्हटलं तर लोक म्हणतील सून नकोच होती घरात. आन् तू एकदाबी विनवलं नाही तर ते म्हणतील बहीण नकोशी झाली, बाप मेला आन् माहेर संपलं."

"पण तिला पाठवायचं होतं तर नाही का म्हणाली?"

"रीत शे!"

"मग ते आधी सांगायचं ना."

"हे काय सांगायचं असतं का रे, एवढा घोडा झाला!"

अभिमननं मान खाली घातली आणि दाराच्या कडीचा खिळा हलवत बसला. त्याला खरंच कळत नव्हतं. एवढ्या माणसांनी भरलेलं जग, आणि सगळ्यांना कुणीतरी कधीतरी हे सांगितलेलं होतं, त्याला सांगायचं तेवढं राहिलं. की तो त्या दिवशी मोटरपंप ऐकत उभा होता?

"उद्या परत जातो," तो म्हणाला. "सगळं सांग. काय बोलायचं, काय नाही."

वच्छलाबाईनं डोळे पुसले आणि सांगितलं. ती नाही म्हणाली तरी उठायचं नाही. पुन्हा मागायचं. ती हो म्हणेपर्यंत त्यांच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, मग तिला मान ठेवावाच लागतो. अभिमननं ते तोंडानं दोनदा घोकलं.

* * *

दुसऱ्या दिवशी तो एस.टी.नं गेला, कारण गाडीनं गेला तर चाळीसगावला इंजिन बघत बसेल हे त्यालाही माहीत होतं. एस.टी.च्या खिडक्यांचा खडखडाट त्याला सोसत नाही. कानात कापूस कोंबून, दात आवळून बसला, पारोळा गेला, धुळं आलं. देवपुरात पोचला तेव्हा डोक्यावर ऊन नुसतं पेटलेलं.

इकडं देवपुरात वेगळंच होऊन बसलं होतं. शेजारणींनी झुंबरबाईला विचारून विचारून हैराण केलं होतं. काय हो, मुराळी आला तसाच गेला? विनवलंसुद्धा नाही? झुंबरबाईचं नाक गल्लीत कापलं गेलं होतं. आता तिच्या मनात रीतबीत काही नव्हतं.

"नही धाडाव," ती दारातनंच म्हणाली. "जा तुम्ही."

अभिमन ओट्यावर बसला. "मामी, प्रमिलाला पाठवा. माय वाट बघते."

"सांगं ना, नही म्हणून!"

"मामी, प्रमिलाला पाठवा. माय वाट बघते."

कालचं 'नाही' खोटं होतं, ते त्यानं खरं धरलं. आजचं खरं होतं, ते त्याला रीत वाटत होतं. दोन्हींत फरक कसा ओळखायचा ते वच्छलाबाईनं सांगितलं नव्हतं, तिला सांगता आलंही नसतं. झुंबरबाई चिडून आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. दर खेपेला अभिमन तेच बोलायचा, त्याच सुरात. गल्लीतली माणसं थांबू लागली. समोरचा रतिलाल किराणावाला दुकान टाकून बघायला आला.

"मामी, तीनदा कधीच झालं की वो भाऊचं," तो दात काढून म्हणाला. "शंभरदा झालं."

"तीनदाच म्हणायचं असतं भाऊ," झुंबरबाई ओरडली. "तुम्ही मघापासून काय लावं शे हे?"

"तीनदा झाल्यावर काय करायचं ते मायनं नाही सांगितलं," अभिमन म्हणाला.

रतिलाल हसला. कुणी दुसरं हसलं नाही.

ओट्यावरची सावली सरकली आणि ऊन अभिमनच्या अंगावर आलं. तो सरकला नाही. उठायचं नाही असं ठरलं होतं, सरकायचं का याची सूचना नव्हती. ओठ पांढरे पडले. प्रमिलानं तांब्या आणला.

"दादा, पाणी घे."

"ती हो म्हणाली का?"

"नाही रे. पण तू पी."

"मग नाही."

"मी सांगते तुला, पी. मरशील आठे."

अभिमननं तिच्या तोंडाकडं पाहिलं. हे 'पी' खरं आहे की नुसतं म्हणायचं? डोळ्यांत पाणी होतं. बाप असता तर सांगितलं असतं. त्यानं तांब्या हातानं मागं सारला, थोडं पाणी ओट्यावर सांडलं आणि लगेच वाळलं.

झुंबरबाई हे दारातनं बघत होती. तिला पहिल्यांदा भीती वाटली. हा माणूस नाटक करत नव्हता. तो खरंच पाणी पिणार नव्हता, उद्यापर्यंत, परवापर्यंत, आणि तिच्या ओट्यावर आडवा होणार होता. तिनं आयुष्यात एवढं मागणं कुणाकडनं ऐकलं नव्हतं, तिच्या सख्ख्या भावाकडनंसुद्धा नाही. तिचा भाऊ तीनदा विनवायचा आणि मधेच सुपारी कातरायचा.

"न्या," ती म्हणाली. आवाज फाटला. "न्या तिले. आन् मग तठेच ठेवा, परत आनू नका."

पितांबरनं चपलांकडं पाहिलं.

"हो म्हणाली का?" अभिमननं विचारलं.

"हो म्हणाली, दादा."

मग त्यानं तांब्या घेतला आणि सगळा रिकामा केला, हनुवटीवरनं पाणी छातीवर आलं. प्रमिला आत गेली. तिला भरायला काही लागलं नाही, पिशवी पहिल्या दिवशीची तशीच बांधलेली होती. सासूच्या पाया पडायला वाकली तर झुंबरबाई पाय मागं घेऊन आत गेली आणि दार लोटलं.

दोघं कोपऱ्यापर्यंत आली. अभिमन थांबला. त्याला चुकायचं नव्हतं आता, दोन दिवसांत शिकला होता तो.

"प्रमे, ती म्हणाली परत आणू नका. ते खरं शे, का म्हणायचं असतं?"

लहानपणापासून प्रमिलाला असलं सगळं न विचारता कळायचं. कोण रागावलंय, कोण रागावल्यासारखं करतंय, सगळं. ती वळली आणि घराकडं बघत उभी राहिली. पिशवी कमरेवर, कपाळावर घाम. बाहेरून काहीच कळत नव्हतं, नुसतं लोटलेलं दार.

"माहीत नाही दादा," ती म्हणाली.

अभिमननं एस.टी.पासून कानात राहिलेला कापूस काढला. त्याला लांबचंही ऐकू यायचं. तो मान वाकडी करून ऐकत राहिला, आतनं कडी लागते का. लागली नाही. उघडलंही नाही. स्टँडवर जायला उशीर होत होता, तरी दोघं तिथंच उभी होती.