अकरा भोकांची भिंत

सासरेबुवांच्या अंगणातली माती घसरून खालच्या फुटपाथवर यायला लागली, म्हणून ती अडवायला भिंत बांधायची ठरली. काम जावयाकडे आलं, कारण जावई गवंडी. मागची भिंतही त्याचीच. ती वर्षभरात पोट काढून आडवी झाली, आणि घरात नाचक्की झाली ती त्याची. हीदेखील पडली, तर तो कामातून गेलाच म्हणायचा!

या वेळी मालाची निवड सासरेबुवांनी स्वतःकडे घेतली. विटा आठवडाभर बादलीत बुडवल्या. फळी ओल्या कुंडीत पुरली. सिमेंटचा ठोकळा फ्रीजमध्ये गेला आणि भाजी बाहेर आली. काळ्या दगडावर हातोडा घातला, तर हातोड्याचाच दांडा मोडला.

"हाच!" ते खुशीत ओरडले.

"दगड झकास आहे, मामा," जावई म्हणाला. "पण मागे पाणी साचतं, त्याला भोकं ठेवू या. मागच्या वेळी तुम्ही ठेवू दिली नाहीत, म्हणून तर..."

"जावईबापू, भक्कम भिंतीला कुणी भोकं ठेवतं का? एक जरी दिसलं, तर मी दुसरा गवंडी बघतो."

आता अशा माणसापुढे कुठे डोकं फोडायचं! जावयाने मुकाट्याने भिंत उभी केली.

महिन्याभराने सासरेबुवांनी शेवटची परीक्षा काढली. भिंतीमागे नळाचा पाइप सोडला आणि स्वतः फुटपाथवर खुर्ची टाकून बसले. दुपारपर्यंत अंगणाचं तळं झालं. जावई धावत भिंतीपाशी आला. त्याने गुपचूप भोकं ठेवली होती, चांगली अकरा! पण ती चिंध्यांनी बुजवून वरून सिमेंटचा हात फिरवला होता. पावसाआधी हळूच उघडू, असा त्याचा बेत. आता गप्प बसावं तर भिंत जाणार, उघडावीत तर काम जाणार.

"गेलं काम खड्ड्यात!" म्हणत त्याने छिन्नी उचलली. पहिली चिंधी निघाली आणि पाण्याची धार थेट सासरेबुवांच्या मांडीवर. दुसरी, तिसरी. चौथीला बाह्या होत्या.

"अरे, हा तर माझा बनियन!"

"सगळे तुमचेच आहेत," सासूबाई अंगणातून म्हणाल्या. "मीच दिले. मागच्या वेळी चूक तुमची, आणि खापर फोडलंत त्यांच्या डोक्यावर. फार लागलं होतं मला ते."

सासरेबुवा निथळत उभे राहिले. भिंत तसूभर हलली नव्हती. त्यांनी छिन्नी मागून घेतली आणि उरलेली सात भोकं स्वतः उघडली.

फुटपाथवरून जाणाऱ्या एका बाईने पाणी चुकवत विचारलं, "कुणी बांधली हो ही?"

"आमच्या जावयाने," सासरेबुवा म्हणाले. मग जरा घुटमळले. "मागची मी पाडली होती."