कडकरावांचे सहा गुरुवार

हॉस्पिटलच्या लाँड्रीत त्यांना सगळे कडकराव म्हणत. नाव पडलं ते खळीमुळे. डॉक्टरांच्या कोटांना त्यांच्यासारखी खळी दुसऱ्या कुणाला जमत नसे. नाव टिकलं त्यात स्वभावाचाही वाटा होता, पण तसं तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. पहाटे पाचला ते मशिनी सुरू करत आणि दुपारी तीनला बाहेर पडत. बावीस वर्षं उभ्याने काम करून पोटऱ्यांवरच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या होत्या. घरी आले की खुर्चीत बसून बूट काढायचाही कंटाळा यायचा.

अशाच एका दुपारी धाकटीने शाळेची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. धाकटी तेरा वर्षांची. तिची आई जाऊन पाच वर्षं झाली होती. वयात येणाऱ्या मुलांशी घरात कसं बोलावं, यासाठी पालकांचा वर्ग आहे, असं चिठ्ठीत लिहिलं होतं. सहा गुरुवार, दुपारी चार वाजता.

"मला काय कळतं त्यातलं?" कडकराव म्हणाले.

"म्हणून तर वर्ग आहे," धाकटी म्हणाली आणि आत निघून गेली.

एरवी त्यांनी चिठ्ठी परत पाठवली असती. पण थोरलीचं आठवलं. थोरली सतराव्या वर्षी पोटुशी राहिली, तेव्हा त्यांनी तिला एकही प्रश्न विचारला नव्हता. "या घरात आता तुझं काही उरलं नाही," एवढंच म्हणाले होते. ती एक बॅग घेऊन बाहेर पडली. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून घरात तिचं नाव कुणी काढत नसे. कडकरावांनी चिठ्ठीवर सही केली.

पहिल्या गुरुवारी गेले तर अकरा आया आणि हे एकटे बाप. मुलांच्या बाकावर बसायचं म्हणजे गुडघे छातीला लागत होते. वर्ग घेणाऱ्या सिस्टरनी फळ्यावर शरीराचं चित्र काढलं आणि एकेका भागाचं नाव असं सरळ घेतलं, जणू बाजारातली भाजी सांगताहेत. कडकरावांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. तिथे बघता बघता डोळा लागला. शेजारच्या बाईंनी वहीच्या कोपऱ्याने ढोसलं तेव्हा जाग आली.

दुसऱ्या गुरुवारी त्याच बाई, शिवणकाम हा त्यांचा धंदा, पाळीबद्दल बोलत होत्या. "माझी मुलगी डागाळलेले कपडे कपाटामागे कोंबून ठेवते. मी उकळत्या पाण्यात टाकते, घासून हात दुखतात, पण डाग काही जात नाही. मग मीही तोंड सोडते तिच्यावर."

"गरम पाण्याने जाणारच नाही," मागून आवाज आला. सगळ्या वळल्या. कडकरावांचे कान तापले, पण शब्द तर बाहेर पडून गेले होते. "उलट रक्त कापडात बसतं. आधी थंड पाणी. अर्धा तास भिजू द्यायचं, मग साबण. आमच्याकडे रोज दोनशे चादरी येतात. लपवून ठेवलं की डाग वाळतो आणि वाळला की जड जातो."

"म्हणजे मुलीला आधी काय सांगायला हवं?" सिस्टरनी विचारलं.

"की लपवू नकोस," कडकराव म्हणाले, आणि खाली बघत बसले.

"माझ्या नवऱ्याला पाठवते हो तुमच्याकडे शिकायला," शिवणवाल्या बाई म्हणाल्या. सगळ्या खळखळून हसल्या. कडकरावही हसले असते, पण अंगात तेवढं त्राण नव्हतं.

दर आठवड्याला घरी करायचा अभ्यास असे. मुलाशी दहा मिनिटं बोलायचं आणि वहीत त्याची सही घ्यायची. कडकराव वही पुढे करत आणि म्हणत, "दहा मिनिटं झाली असं समज आणि कर सही." धाकटी मान खाली घालून सही करी. अशा तीन सह्या झाल्या.

चौथ्या गुरुवारी सिस्टरनी गर्भनिरोधक साधनं टेबलावर मांडून दाखवली. नको असेल तिथे नाही कसं म्हणायचं, काही घडलंच तर गर्भ राहू नये म्हणून पहिल्या तीन दिवसांत कुठे जायचं, सगळं सांगितलं. त्या दिवशी कडकरावांना झोप आली नाही. तीन दिवस, हा आकडा डोक्यात खिळ्यासारखा रुतून बसला. थोरलीलाही कधीतरी असे तीन दिवस मिळाले असतील. तेव्हा घरात कोण होतं तिच्याशी बोलायला?

रविवारी दुपारी ते आणि धाकटी वाळलेले कपडे घड्या करत बसले होते. कडकरावांनी घसा खाकरला.

"हे बघ, तुझ्या वयाच्या मुलींना… म्हणजे दर महिन्याला…"

"आठ महिने झाले, बाबा."

त्यांच्या हातातली उशीची खोळ तशीच राहिली. "कशाला?"

"मला पाळी येऊन. तुम्ही तेच सांगत होतात ना?"

रोज अख्ख्या हॉस्पिटलच्या चादरींवरचे डाग ओळखणारा माणूस, आणि स्वतःच्या घरात आठ महिने काही दिसलं नाही. "मग तुला कुणी सांगितलं सगळं?"

धाकटीने टॉवेलची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली. "ताईने. मी शनिवारी शिकवणीला जाते ना, तिथून तिच्याकडे जाते. बाळालाही खेळवते." मग एकदम वर बघून म्हणाली, "तिने मला सगळं सांगितलंय. तुमच्या त्या वर्गात सांगतात ते सगळं. पण एक गोष्ट तिला माहीत नाही. तुम्हालाच विचार म्हणाली."

"काय?"

"माझ्याकडून काही चूक झाली, तर मलाही बाहेर काढाल?"

कडकरावांना चटकन नाही म्हणता येईना. ते खोटं वाटलं असतं. एकीला काढून झालं होतं. शेवटी म्हणाले, "नाही. आणि तिलाही काढायला नको होतं."

"हे मला सांगून काय उपयोग?" धाकटी म्हणाली. तिने पुढची चादर उचलली आणि दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं.

पाचवा गुरुवार झाला. पुढच्या आठवड्यात, बुधवारी, काम संपल्यावर ते घरी न जाता धाकटीने दिलेल्या पत्त्यावर गेले. तीन जिने होते. प्रत्येक मजल्यावर थांबून दम खावा लागला. दार थोरलीने उघडलं. बघताक्षणी तिचा चेहरा उतरला.

"धाकटीला काही झालं का?"

"नाही. ती बरी आहे."

थोरली दारातून बाजूला झाली, म्हणून ते आत आले. बसा म्हणायला ती विसरली, किंवा विसरली नाही. कडकराव उभेच राहिले. जमिनीवर अडीच वर्षांची नात डब्याची झाकणं एकमेकांवर रचत होती. तिने या माणसाकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागली.

"माझं चुकलं," कडकराव म्हणाले.

"हे वर्गात शिकवलं का?"

"नाही. वर्गात ऐकून घ्यायला शिकवतात. ते मला अजून नीट जमत नाही."

थोरली कोरडं हसली. "मग ऐका. मी गेले होते तेव्हा दवाखान्यात. दुसऱ्याच दिवशी. वेळेत. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, लहान आहेस, घरचं कुणीतरी घेऊन ये. मी बाहेरच्या पायरीवर तासभर बसले. घरचं कोण, याचा विचार करत. आई असती तर तिला आणलं असतं. तुम्ही तीनला सुटता, हे माहीत होतं मला. लाँड्रीच्या फाटकापर्यंत आले होते. तुम्ही कुणावर तरी ओरडत बाहेर आलात. मी परत फिरले."

कडकरावांना तो दिवस आठवत नव्हता. ते रोजच कुणावर तरी ओरडत बाहेर पडत. जिभेवर सबबी आल्या, पाय दुखतात, माणसं कमी आहेत. त्या त्यांनी गिळल्या. पायांतून कळा येत होत्या, तरी ती बोलायची थांबेपर्यंत हलले नाहीत. ती बराच वेळ बोलली. मधे एकदा रडली, मग रडण्याचाच राग येऊन जोरात भांडी आवरू लागली.

"उद्या शेवटचा वर्ग आहे," निघताना ते म्हणाले. "घरच्यांना घेऊन या म्हणालेत."

"मी येणार नाही. मला तेव्हा हवा होता तो वर्ग."

"बरं."

"आणि तिला चोरून यायला लावू नका. सांगून येऊ दे."

"बरं."

ते दाराबाहेर पडले तशी ती म्हणाली, "तुम्हाला यायचं असेल तर फोन करून या. असे दारात उभे राहू नका. माझ्या छातीत धस्स झालं."

फोन करून या. जिना उतरताना कडकरावांनी हे तीन शब्द पुन्हा पुन्हा मनात घोळवले. माफी नव्हती त्यात. तरी ते शब्द त्यांनी जपून घरी नेले.

दुसऱ्या दिवशी धाकटी त्यांच्या शेजारी बाकावर बसली. या सहा आठवड्यांत घरात काय बदललं, असं सिस्टरनी एकेकाला विचारलं. शिवणवाल्या बाई बराच वेळ बोलल्या. कडकरावांचा नंबर आला तेव्हा ते उठून उभे राहिले, शाळेतल्या मुलासारखे.

"धाकटी आता तिच्या ताईकडे सांगून जाईल," ते म्हणाले आणि खाली बसले. ताई कोण, हे त्या खोलीत कुणाला माहीत नव्हतं. सिस्टरनीही विचारलं नाही, फक्त मान हलवली.

बाहेर पडल्यावर दोघं बसथांब्यावर आली. कडकरावांना कधी एकदा घरी जाऊन पाठ टेकतो असं झालं होतं. लांबून बस येताना दिसली, तशी धाकटी म्हणाली, "बाबा, आमच्या वर्गात एक मुलगा आहे. तो मला फोटो पाठव म्हणून मागे लागलाय. मी नाही म्हटलंय, तरी रोज विचारतो. आता भीती वाटते."

कडकरावांचा हात आपोआप वर उठला होता, बस थांबवायला. तो त्यांनी खाली घेतला. राग डोक्यात चढत होता, तो कुणावर काढायचा तेही त्यांना कळेना. ते बाकावर बसले आणि तिच्यासाठी जागा केली.

"पहिल्यापासून सांग," ते म्हणाले.

ती सांगू लागली. दोन बस आल्या आणि गेल्या.