जास्तीची प्रार्थना

कागदावरच्या प्रार्थना संपल्या तरी ती माइकसमोरून हलली नाही. तिनं एक श्वास घेतला आणि कागदात नसलेलं वाक्य बेधडक म्हणून टाकलं, "आणि प्रयोगशाळेत एकटाच मरण पावलेल्या, देव न मानणाऱ्या त्या शास्त्रज्ञासाठी आपण प्रार्थना करू या."

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक," अख्खं चर्च म्हणालं.

वेदीपाशी फादरांनी मान वर केली. नववीतल्या या मुलीला वाचनाचं काम देताना त्यांनी एकच अट घातली होती: पदरचं काही घालायचं नाही, नाहीतर पुढच्या रविवारी दुसरं कुणीतरी वाचेल.

मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर दादानं तिला पायऱ्यांवरच गाठलं. तो भौतिकशास्त्र शिकत होता आणि चर्चला केवळ आईच्या धाकानं येत होता.

"कोण गं हा शास्त्रज्ञ?"

"कादंबरीतला. काल गेला. शेवटून दुसऱ्या प्रकरणात."

"धन्य आहेस! नसलेल्या माणसाच्या आत्म्यासाठी एवढ्या लोकांना कामाला लावलंस?"

"तुझा इलेक्ट्रॉन तरी कुणी पाहिलाय?"

"पाहिला नसला तरी त्याचा परिणाम मोजता येतो, बाईसाहेब."

"मग माझी उशी मोज. अजून ओली आहे."

दादा खो खो हसला. तिलाही हसू फुटलं, पण आत काहीतरी टोचत राहिलं. त्या बिचाऱ्या शास्त्रज्ञानं जन्मभर सूक्ष्मदर्शकातून दिसेल तेवढंच खरं मानलं होतं, आणि तिनं मात्र खऱ्या देवापुढे बनावट माणूस उभा केला होता. आता फादर विचारणार. खरं सांगितलं की माइक गेलाच.

तेवढ्यात मागच्या बाकावर नेहमी एकट्या बसणाऱ्या आजी काठी टेकत आल्या. त्यांनी तिचं मनगट धरलं.

"पोरी, आमच्या ह्यांच्याबद्दल तुला कुणी सांगितलं?"

तिनं दादाकडे पाहिलं.

"लॅबमध्येच गेले ते. घरात देवाचं नाव काढू द्यायचे नाहीत. त्यांच्यासाठी प्रार्थना सांगायची माझी कधी हिंमतच झाली नाही. वाटायचं, वरून ओरडतील."

नुसतं 'असंच कळलं' म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिनं ओठ उघडलेही.

"आजी, तो... तो पुस्तकातला माणूस होता. सॉरी."

मनगटावरची पकड सैल झाली. दादा आपले बूट न्याहाळू लागला.

"बरं," आजींनी विचारलं, "त्याच्या बायकोचं पुढे काय झालं?"

"तिचं काही लिहिलंच नाहीये. पहिल्या प्रकरणात चहा आणून ठेवते, तेवढंच."

"हं. चहा मीही पुष्कळ नेला."

फादर पायऱ्या उतरून तिच्यासमोर येऊन थांबले.

"ती शेवटची प्रार्थना कुणासाठी होती?"

ती बोलणार, तोच आजींची बोटं पुन्हा घट्ट झाली आणि त्याच म्हणाल्या,

"माझ्यासाठी, फादर."