तेजस्विनीची साक्ष

आरोहीला बिबट्याने उसात ओढून नेलं त्याला आठवडा झाला होता, तरी डिंगोरे गावाजवळच्या त्या वस्तीवर माणसांची रीघ थांबत नव्हती. सांत्वनाला म्हणून यायचे आणि बूड टेकायच्या आत विचारायचे, कसं झालं? मग तेजस्विनीने, त्या पोरीच्या आईने, सगळं पहिल्यापासून सांगायचं. नळाचं पाणी आलं म्हणून पोर अंगणात गेली, ओरडली, आणि मग नुसता ऊस हलताना दिसला. ऐकणारे चुकचुकत. जागा दाखवा म्हणत. एकाने तर तिथे उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ काढला. हे कसलं सांत्वन? दुसऱ्याच्या दुःखाची चव घ्यायचीच ती तऱ्हा.

शेजारच्या साळुबाईच्या तळपायाची आग मस्तकाला जात होती. तेजस्विनी आणि ती एकाच चर्चच्या. दुःखाच्या घरची चूल शेजाऱ्यांनी सांभाळायची ही रीत साळुबाईच्या आजेसासऱ्यांनी बाप्तिस्मा घेतल्यावरही घरात कुणी सोडली नव्हती, म्हणून ती रोज पिठलं-भाकरी घेऊन यायची. शेवटी तिने दारातच बैठक मारली. काय विचारायचं ते मला विचारा, तिला नाही, असं येईल त्याला तोंडावर सांगू लागली. माणसं रागावली. रागावू देत.

शनिवारी चर्चचे पाळक रामदास आले. त्यांना मात्र दारात कशी अडवणार? माणूस वाईट नव्हता, पण सगळ्याची घाई फार. उद्या चर्चमध्ये पुण्याहून पाहुणे येणार आहेत, तेव्हा तेजस्विनीने मंडळीपुढे साक्ष द्यावी, म्हणाले. देवाने या संकटात कसं बळ दिलं ते सांगावं, त्याने इतरांचा विश्वास वाढेल. आरोही स्वर्गात सुखात आहे, मग विश्वासणाऱ्याने रडायचं कशाला? तेजस्विनीच्या नवऱ्याने, गोरखने, खाली बघत मान हलवली. पाळकांचा शब्द मोडायचा कसा?

साळुबाईला राहवलं नाही.

"पाळकसाहेब, तिच्या नरड्याखाली घास उतरत न्हाई अन् तुमी साक्ष मागताय? वधस्तंभापाशी प्रभूची आई उभी व्हती. तिला कुणी बळाचं विचारलं व्हतं का?"

पाळकांचा चेहरा उतरला. तरी ते देवाच्या योजनेबद्दल बोलू लागले, त्याच्याविरुद्ध कुरकुर करू नये म्हणाले. तेव्हा तेजस्विनी बोलली.

"मला देवाचा लई राग आलाय. हे सांगू का उद्या?"

गोरखने दचकून तिच्याकडे पाहिलं. पाळकांचा हात सवयीने वर गेला, तिच्यासाठी क्षमा मागायला. साळुबाईने तो हात धरून खाली केला. आजच्या आधी ती कुठल्या पाळकाला उलट शब्द बोलली नव्हती, आणि आज हात धरला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि ज्याला कळत नाही त्याने निदान गप्प बसावं, एवढंच तिच्या मनात होतं. ती सरकून तेजस्विनीला खेटून बसली.

"मलाबी आलाय," ती म्हणाली. "आपण दोघी मिळून त्याला सांगू."

आठवड्यात पहिल्यांदाच तेजस्विनीने हंबरडा फोडला. पाळक ओशाळून भुईवर बसले. साळुबाईने तिला पोटाशी धरलं, पण गप्प हो असं काही म्हटलं नाही.