जास्वंदीवरचा चिकटा

नळदुर्गच्या बसस्टँडमागं, हायवेच्या ट्रकांचा आवाज जिथं जरा दबतो, तिथं कल्याणप्पांचं घर. पस्तीस वर्षं त्यांनी बाजारात कापडाचं दुकान चालवलं. न बघता नुसता चिमटीत कपडा धरला तरी पॉपलीन की टेरीकॉट ते सांगायचे. पुढं काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, आणि ज्या बोटांचं गिऱ्हाइकांना कौतुक वाटायचं त्याच बोटांवर सगळा संसार आला.

दुकान मोडल्यावर अंगणातली फुलझाडं एवढाच त्यांचा उद्योग उरला. दारासमोर जास्वंदीची तीन झाडं, एक पांढरं नि दोन तांबडी. कडेनं मोगरा, कण्हेर, कुंड्यांत शेवंती. सकाळी अंघोळ झाली की परडी घेऊन ते भिंतीच्या आधारानं यायचे, फांदी चाचपायचे, उमललेलं कोणतं नि मुकी कळी कोणती हे बोटांनी ओळखून खुडायचे. पुटपुटत कानडीत मोजायचे, वंदू, येरडू, मूरू. अकरा झाली की आत येऊन इष्टलिंगाच्या पूजेला बसायचे. शिवगंगाबाई तोवर चहाचं आधण ठेवायच्या, पण कान अंगणाकडं असायचा. दिवसातला तेवढा अर्धा तास आपला नवरा आंधळा नाही, असं त्यांना वाटायचं.

होळी होऊन गेली आणि एक दिवस जास्वंदीच्या पानामागं शिवगंगाबाईंना कापसासारखं काही दिसलं. वाऱ्यानं उडून आलं असेल म्हणून त्यांनी नखानं काढलं, तर नखाला पिवळसर पाणी लागलं. ते जिवंत होतं. आठ दिवसांत शेंडे मुठीसारखे आवळले, कळ्या उमलायच्या आधीच गळायला लागल्या आणि बुंध्यावरून मुंग्यांची रांग चढू लागली. शेजारच्या सिताबाई बघून म्हणाल्या की हा चिकटा आहे, आणि भिंतीपलीकडं बोट दाखवलं. तिथं एक मोकळा प्लॉट होता. त्यात आपोआप उगवलेली पपई देठापासून शेंड्यापर्यंत पांढरी झाली होती. मुंग्या तिथूनच येत होत्या.

प्लॉटचे मालक पुण्याला. शिवगंगाबाईंनी खटपट करून त्यांचा नंबर मिळवला. ते गृहस्थ गोड बोलले, दिवाळीला येतो तेव्हा साफ करून घेतो म्हणाले. दिवाळी अजून सात महिने लांब होती.

मग त्यांनी घरातले उपाय सुरू केले. साबणाचं पाणी मारलं, निंबोळीचं तेल मारलं. नवरा दुपारी आडवा झाला की जुना टूथब्रश घेऊन फांदी न फांदी घासली. बुंध्याभोवती राख टाकली, हळद टाकली. दोन दिवस झाड स्वच्छ दिसायचं. तिसऱ्या दिवशी फांदीच्या बेचक्यात पुन्हा पांढरा ठिपका. हे सगळं त्या कल्याणप्पांना कळू देत नव्हत्या. झुंजुमुंजू व्हायला उठून, त्यांचा हात पोचतो तेवढ्या फांद्या ओल्या फडक्यानं पुसून घ्यायच्या.

एकदा परडी खाली ठेवता ठेवता ते म्हणाले, बोटाला चिकट लागतंय. शिवगंगाबाई म्हणाल्या, फुलातला मध असेल. त्यांनी बोटं नाकाशी नेली, आणि हात धुतले. त्या दिवशी परडीत पाचच फुलं होती.

शेवटी त्या कृषी सेवा केंद्रात गेल्या. दुकानदारानं एक बाटली काढून दिली. हातमोजे घाला, तोंड बांधा, आणि मारल्यावर आठ दिवस झाडाला हात लावू नका, असं त्यानं बजावलं. रोज सकाळी कुणी उघड्या हातानं फुलं तोडत असेल तर, असं त्यांनी विचारलं. त्यानं मान हलवली नि म्हणाला, मग मारूच नका काकू.

तरी बाटली घरी आली आणि न्हाणीच्या माळ्यावर बसली. दोनदा त्यांनी ती खाली काढली, दोनदा परत ठेवली. आठ दिवस बाहेर जाऊ नका, हे सांगताही आलं असतं. पण पपई होती तिथंच होती. आठ दिवसांनी पुन्हा चिकटा, पुन्हा औषध. ज्याच्या हाती अर्धा तासच उरलाय त्याच्याकडून तोही कसा मागायचा?

पुतण्या सोमेश बघायला आला आणि म्हणाला की जास्वंदी तोडून जाळून टाकाव्यात, नाहीतर मोगराही जाईल. शिवगंगाबाईंनी बघू म्हणून वेळ मारून नेली. तेवढ्यात अक्कलकोटला नणंदेच्या नातवाचं बारसं निघालं. भाचा गाडी घेऊन आला आणि कल्याणप्पांना तीन दिवसांसाठी घेऊन गेला.

शिवगंगाबाईंनी निरोप धाडला, आणि दुसऱ्या दिवशी सोमेश करवत घेऊन आला. शिवगंगाबाईंनी फांद्या धरल्या, त्यानं कापल्या. तिन्ही झाडांचे वीतभर खुंट राहिले. कोपऱ्यात ढीग करून पेटवला तेव्हा ओला पाला बराच वेळ नुसता धुमसत राहिला, आणि त्या पदर नाकाला लावून तिथंच उभ्या राहिल्या.

कल्याणप्पा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खुशीत परतले. बाळाचं नाव काय ठेवलं, पंगतीत किती माणूस जेवलं, सगळं सांगत बसले. जेवण झालं की सांगू, असं शिवगंगाबाईंनी ठरवलं. मग गोळ्या दिल्यावर. मग सकाळी उठल्या उठल्या. सकाळी त्या दूध घ्यायला दारात गेल्या आणि परत येतात तो परडी खुंटीवर नव्हती.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांना दिसलं. कल्याणप्पांचा हात फांदीच्या उंचीवर वर झालेला, रिकाम्या हवेत फिरत होता. आपलं माप चुकलं असं त्यांना वाटलं असावं. ते मागं भिंतीशी गेले, पावलं मोजत पुन्हा आले, पुन्हा हात वर केला. मग एक पाऊल पुढं टाकताना खुंट नडगीला लागला. ते खाली बसले. कापलेल्या जागेवरून त्यांनी बोट गोल फिरवलं.

शिवगंगाबाई जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"कधी तोडली?" कल्याणप्पांनी विचारलं.

"परवा. चिकटा लई झाला होता. इलाजच न्हाय राहिला."

"तिन्ही?"

"व्हय."

खुंटावरचा हात न उचलता ते म्हणाले, "चिकटा मला ठावं होता. तू पहाटं उठून पुसत होतीस, तेबी कळत होतं. मला कळू नये असं तुझ्या मनात होतं, म्हणून गप बसलो. पण तोडायच्या आधी सांगायचं होतंस. एकदा हात लावून घेतला असता."

नवऱ्याला दुःख नको म्हणून शिवगंगाबाईंनी जे जे केलं, तेच सगळ्यात जास्त लागलं होतं. त्यांनी परडी उचलली, कण्हेरीची चार फुलं तोडली आणि त्यांच्या हातात दिली. कल्याणप्पांनी मोजली नाहीत.

पंधरा दिवसांनी मोगऱ्याच्या नव्या फुटव्यात पांढरं दिसलं. या वेळी शिवगंगाबाई सरळ आत गेल्या, नवऱ्याचा हात धरून त्यांना बाहेर आणलं आणि त्यांचं बोट त्या फांदीवर टेकवलं.

"आलाच का," ते म्हणाले.

त्यांनी बादलीत साबणाचं पाणी केलं. मोगऱ्याच्या एका बाजूला त्या बसल्या, दुसऱ्या बाजूला ते. पान न पान दोन बोटांत धरून पुसायचं, मग पुढचं. कल्याणप्पांचं पुसलेलं पान अधिक स्वच्छ निघत होतं, पण त्यांना वेळ लागत होता, आणि मोगरा मोठा होता. भिंतीवरून मुंग्या येतच होत्या. एवढ्यानं काही होणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. ऊन अंगावर आलं तरी दोघांतलं कुणी उठलं नाही.